मयताच्या गाडीतलं दूध

आमच्या आबांना बाजारातून काही विकत आणायला पाठवू नये, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. फक्त दूध संस्थेच्या सभासदांना माहीत नव्हतं. त्यांनी आधी आबांना चेअरमन केलं आणि वर गाडी आणायला सोलापूरला धाडलं. टेम्पो आणायला गेलेले आबा तिसऱ्या दिवशी सकाळी मयताची गाडी घेऊन गावात आले. ती मयताची आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं!

आमचं गाव नळदुर्ग आणि उमरग्याच्या मधे, हायवेपासून दोन मैल आत. मी नुकतीच मॅट्रिक झाले होते आणि संस्थेची सचिव होते. सचिव म्हणजे पहाटे दूध मापायचं, त्यात लॅक्टोमीटर बुडवायचा आणि दिवसभर आबांनी केलेले घोळ निस्तरायचे. त्या सकाळी मी वेशीजवळ उभी होते. धुरळ्यातून एक लांबच लांब काळं धूड येताना दिसलं. पुढं माणूसभर लांबीचं बॉनेट, त्यावर पितळी दिवे, मागं दोन्ही बाजूंना मोठ्या काचा आणि काचांच्या आत जांभळे मखमली पडदे, गोंड्यांसकट. चालवणारे फौजीकाका होते. ते पलीकडच्या बौद्ध वस्तीतले, मिलिटरीत वीस वर्षं ट्रक चालवून आलेले. शेजारी आबा असे बसले होते, की जणू हत्तीवरून मिरवणूक चाललीय.

"नवाबाची गाडी हाय," आबा खाली उतरून म्हणाले. "हैदराबादच्या. बेगमा बसायच्या हिच्यात. पडदे बघा की!"

बायकांनी पडदे बघितले. कुणी हात लावून बघितला. मागचं दार उघडलं तर आत बसायला जागाच नव्हती. नुसती लाकडी जमीन, आणि तिच्यात गोल गोल रूळ बसवलेले.

"बेगमा बसायच्या कुठं?" मी विचारलं.

"हे रूळ त्यांचे पेटारे सरकवायला. बेगमा खाली गादी टाकून बसत असतील. तुला काय कळतंय नवाबाचं?"

फौजीकाका बॉनेट पुसत होते. ते हळूच म्हणाले, "चेअरमन, एक सांगू का? शिकंदराबादला छावणीत म्या असली गाडी बघितलीया. गोऱ्या सायबाची पेटी न्यायची असती. ही मयताची गाडी हाय."

पडद्याला हात लावलेल्या बाईनं हात लुगड्याला पुसला.

"मग तुमी सोलापुरात का बोलला न्हाय?" आबा ओरडले.

"बोललो असतो तर तुमी घेतली नसती. आन् हिचं इंजिन लई झ्याक हाय," फौजीकाका म्हणाले. सोलापुरापासून पंचेचाळीस मैल त्यांनी तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं.

आता आबांना गाडीची एवढी घाई का होती, ते सांगते. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या आत्याच्या गावाकडे, सोनारीला, ना चारा होता ना पाणी. आमच्या गावाजवळ गुरांची छावणी होती, म्हणून आत्यानं तिची दुभती म्हैस आमच्याकडे आणून बांधली. पुढं छावणीतलाही चारा आटला. तेव्हा आबांनी नळदुर्गच्या बाजारात आत्याची म्हैस विकली आणि आलेल्या पैशाचा कडबा आपल्या बैलांना घातला. तिला न विचारता! आत्या आली, रिकामा खुंटा बघितला आणि दारातूनच म्हणाली, "माझी म्हस इकून तुझं बैल जगिवलंस. आता तू मेल्यावरच ह्या दारात पाय ठेवीन." आणि माणूस सोनारीचं, शब्दाला पक्कं होतं, म्हणाली ते पाळलं. सात वर्षं भाऊबीजेला आबा सकाळीच उठून हायवेवर चहा प्यायला जायचे आणि दुपारी परत यायचे. पाट मांडलेला त्यांना बघवत नव्हता.

पाऊसपाणी बरं झाल्यावर आबांनी एक वगार आणली आणि पहिल्या दिवसापासून, घरी आणि हायवेवर चहा पितानाही, तिला "आक्काची म्हस" म्हणायला लागले. ती व्याली, दूध द्यायला लागली, की दावं हातात धरून सोनारीला जायचं आणि आत्याच्या अंगणात बांधायची, असा त्यांचा बेत होता. वगारीची म्हैस झाली, गाभणही राहिली. पण तिला पेंड लागे, आणि पेंड येत होती ती संस्थेच्या दुधावर. बैलगाडीतून उमरग्याच्या शीतकेंद्रात दूध जाईपर्यंत उन्हानं ते नासायचं. केंद्रानं साफ सांगितलं होतं, एका महिन्यात तीनदा नासलेलं दूध आलं तर तुमच्या गावचं दूध बंद. दूध बंद म्हणजे पेंड बंद, आणि पेंड बंद म्हणजे गावातल्या निम्म्या म्हशी पुन्हा बाजारात. आत्याची म्हैस दुसऱ्यांदा विकायची पाळी आबांवर आली असती. आबा हे कधी बोलले नाहीत. पण रोज दूध गेलं की ते गोठ्यात जाऊन त्या म्हशीच्या पाठीवरून हात फिरवायचे, ते मी बघत होते.

पहिल्या सकाळी एकही बाई त्या गाडीत दूध द्यायला तयार नव्हती. रांगेतली सगळ्यात म्हातारी बाई कासंडी पदराखाली झाकून म्हणाली, "हिच्यातनं किती मढी गेली असतील!"

आबा चेअरमन उगाच नव्हते. ते म्हणाले, "गेली ती सगळी गोऱ्या सायबांची, मावशी. आपल्यातलं एकबी न्हाय. आन् गोऱ्याचं भूत आपल्याला कसं धरंल? त्याला आपली भाषा येत न्हाय."

ह्यावर म्हातारी विचारात पडली. तेवढ्यात फौजीकाकांच्या बायकोनं पुढं होऊन आपलं दूध ओतलं. "आमच्या वस्तीनं इटाळ-बिटाळ सोडून लई वर्सं झाली," त्या म्हणाल्या. "मशीनला कसला आलाय इटाळ?" मग माझ्या आईनं बॉनेटला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि म्हातारीनं डोळे मिटून कासंडी रिकामी केली.

रुळांची मजा तर विचारू नका. चाळीस लिटरचा भरलेला कॅन उचलायला दोन गडी लागायचे. ह्या गाडीत तो दारात टेकवला आणि एक बोट लावलं, की घरंगळत थेट पुढं. आम्ही तिघं निघालो. पुढं फौजीकाका आणि आबा, मागं कॅन धरून मी. उमरग्याच्या अलीकडे एक पूल खचला होता. एका वेळी एकाच बाजूची वाहनं सोडत, त्यामुळं हैदराबादला जाणारे ट्रक मैलभर रांगेत उभे. झालं, म्हटलं, आजही दूध नासणार.

पण पुढच्या ट्रकच्या क्लीनरनं मागं वळून आमच्याकडं बघितलं. तो टुणकन खाली उतरला, डोक्याचं फडकं काढलं आणि शिट्ट्या मारत पुढं पळत सुटला. एकेक ट्रक कडेला सरकायला लागला. ड्रायव्हर लोक हात जोडून उभे. पुलावरच्या मजुरांनी घमेली खाली ठेवली. लाल झेंडीवाल्यानं झेंडी पाठीमागं लपवली. आणि आमचे आबा? ते दोन्ही बाजूंना माना डोलावून नमस्कार घेत होते.

"बघा," ते फौजीकाकांना म्हणाले, "चेअरमनला कसा मान हाय हायवेवर."

काकांनी नुसता गिअर बदलला. शीतकेंद्रात आठपर्यंतच दूध घेत; आम्ही पोचलो तर आठ वाजायला अर्धा तास बाकी होता, आणि दूध असं ताजं की लॅक्टोमीटर बुडवणारा साहेब दोनदा बघत राहिला.

पुढं दोन महिने आमची चंगळ झाली. आमच्या आधी कुणाचं दूध पोचत नव्हतं. आबांना मानाचं खरं कारण कळलं तेव्हा ते एक दिवस रुसले, आणि दुसऱ्या दिवसापासून गंभीर चेहरा करून बसायला लागले. आणि मग मी ती चूक केली. उमरग्यात पोरी मला "मढ्याच्या गाडीवाली" म्हणायला लागल्या होत्या. मला लाज वाटली. मी आबांच्या मागं लागले, की गाडी रंगवा, संस्थेचं नाव घाला. आबांना नावाचा सोस होताच. नळदुर्गचा पेंटर आला. गाडी पांढरीशुभ्र झाली, पडदे काढले, आईनं त्यांच्या उशा शिवल्या, आणि दारावर एक गुबगुबीत हसरी गाय आली. तशी गाय आमच्या भागात कुणी जन्मात बघितली नव्हती. गायीच्या खाली चेअरमन म्हणून आबांचं नाव, गायीपेक्षा मोठ्या अक्षरात.

दुसऱ्या दिवशी पुलावर एकही ट्रक हलला नाही. हसऱ्या गायीला कोण वाट देतो? दूध नासलं. चार दिवसांनी पुन्हा नासलं. केंद्रातल्या साहेबांनी दोन बोटं वर केली आणि तिसरं अर्धवट उचलून दाखवलं. त्याच आठवड्यात आत्याची म्हैस व्याली होती. मी रात्रभर... नाही, रात्रभर नाही, मला झोप लवकर लागते. पण झोप लागेपर्यंत रडले. सकाळी उठून बघते तर आबा अंगणात पांढरं धोतर अंथरून त्यावर पाय सरळ करून झोपले होते.

"कसा दिसतो?" त्यांनी विचारलं.

"काय झालंय तुम्हाला?"

"मेलोय," आबा म्हणाले. "काचंतनं मयत दिसलं तर गाय कोण बघतंय?"

आईनं आकांत मांडला. "आवो, जित्या माणसानं असलं सोंग करू नये!" ती म्हणाली. आबा ऐकेनात, तेव्हा तिनं नजर लागू नये म्हणून त्यांच्या दंडाला काळा दोरा आणि बिब्बा बांधला, आणि आपला संबंध नाही म्हणून स्वयंपाकघरात जाऊन बसली. आम्ही गायीवर चादर टाकली, झेंडूचे हार अडकवले. कॅनच्या दोन रांगांमधे आबा आडवे. अंगावर धोतर, तोंड मात्र उघडं, कारण त्यांचा जीव गुदमरत होता. नाकात कापूस घातला तर त्यांना शिंका यायला लागल्या.

"शिंकायचं न्हाय, चेअरमन," फौजीकाका पुढून म्हणाले. "मेलेला शिंकत नसतो."

पूल जवळ आला. क्लीनर उतरला, शिट्ट्या झाल्या, ट्रक सरकले. मी आबांच्या उशाशी बसून रडायचं सोंग करणार होते. पण त्यांच्या मिशीवर एक माशी बसली आणि ती हाकलायला आबा ओठ वाकडा करायला लागले. मला हसू फुटलं. मी ओढणीचा बोळा तोंडात कोंबला आणि मान खाली घातली, तर खांदे गदागदा हलायला लागले. बाहेर चुरमुरे विकणारी बाई कळवळून म्हणाली, "पोरगी लई रडायली गं!" आणि तिनं मूठभर चुरमुरे गाडीवर उधळले. ते ऐकून आबांचं पोट हलायला लागलं. मी त्यांच्या पोटावर कोपर रोवून बसले. समोरून परंड्याकडे जाणारी एसटी आमच्यासाठी थांबली होती. तिच्या दारातल्या कंडक्टरनं वाकून काचेतून आत बघितलं, टोपी काढली आणि बराच वेळ आमच्याकडं बघत राहिला. मला तेव्हा त्यात काही वाटलं नाही.

शीतकेंद्रात हमालानं मागचं दार उघडून पहिला कॅन ओढला, तर आतून आवाज आला, "दमानं! त्याचं झाकण सैल हाय." हमाल मटकन खालीच बसला. त्याला पाणी पाजून उभं करायला जेवढा वेळ लागला, तेवढाच काय तो उशीर. दूध पास झालं. परत येताना आबा मागं कॅनवर बसून गाणं म्हणत होते आणि मी चुरमुरे वेचून खात होते. ठरलं, की उद्याच गाडीला पुन्हा काळा रंग द्यायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध मापत होते. आबा आतल्या खोलीत मापानं कॅन भरत होते. रांगेत पन्नासेक बाया. पेंटर डबा घेऊन गाडीवरची गाय पुसायला बसला होता. तेवढ्यात वेशीकडून हंबरडा ऐकू आला. असा, की रांगेतल्या पोरांनी आयांना मिठी मारली.

"आरं माझ्या भावा रं...!"

आत्या होती. केस मोकळे, पाय धुळीनं भरलेले, काखेत एक गाठोडं. एसटीतला तो कंडक्टर सोनारीचा होता. आत्याच्या भावाला काचेच्या गाडीतून नेताना त्यानं डोळ्यांनी बघितलं होतं. तीन गाड्या बदलून, रात्र नळदुर्गच्या स्टँडवर काढून, निदान राख सावडायला तरी सापडेल म्हणून ती आली होती.

तिला कुणीतरी सांगायला पाहिजे होतं. मी सांगायला पाहिजे होतं. पण आमच्याकडे बाई रडत आली की तिला मधेच तोडत नाहीत. जे पोटात आहे ते तिला म्हणून घेऊ देतात. आणि आत्या म्हणतच होती. गाडीच्या चाकाजवळ बसली, बॉनेटवर हात आपटत म्हणाली, "सात वर्सं दार लावून बसले रं मी... भाऊबीजंला ताट करायचे आन् कुत्र्याला घालायचे रं... बैल इकलं असतंस तर पेरलं कशानं असतं रं तू, मला काय कळत न्हवतं व्हय रं... म्हस गेली तर गेली, तू ऱ्हायाचा हुतास रं... तोंडानं म्हणले न्हाय रं मी, एकदाबी म्हणले न्हाय..."

आतल्या खोलीच्या दारात आबा लिटरचं माप हातात धरून उभे होते. त्यांच्या मिशीतून पाणी गळत होतं आणि मापातलं दूध पायावर सांडत होतं, त्याचं त्यांना भान नव्हतं.

"आक्का," ते म्हणाले.

आत्याचा सूर तिथंच थांबला. तिनं वर बघितलं, पण तोंडाकडे नाही. आधी आबांच्या पायांकडे बघितलं, पावलं उलटी आहेत का म्हणून. पावलं सरळ होती, दुधानं माखलेली. मग तोंडाकडे बघितलं. मग दंडावरच्या बिब्ब्याकडे, मग गाडीवरच्या अर्ध्या पुसलेल्या गायीकडे. आणि मग तिनं गाठोडं खाली ठेवलं आणि पायातली चप्पल काढली.

पन्नाशी उलटलेले चेअरमन गाडीभोवती पळत होते आणि त्यांच्या मागं साठीची बहीण. तीन फेऱ्या झाल्या. पेंटरचा डबा सांडला. सगळी रांग हसून हसून खाली बसली. आई स्वयंपाकघरातून ओरडत होती, "हाणा, आक्का, चांगलं हाणा!" शेवटी आत्याला दम लागला. ती गाडीच्या फूटबोर्डावर टेकली आणि म्हणाली, "पाणी आणा कुणीतरी."

पाणी पिऊन झाल्यावर आबा तिच्या पायाशी बसले. "म्या मेल्यावरच ईन म्हणली हुतीस तू," ते म्हणाले.

"मग आले की," आत्या म्हणाली. "आता उठ. माझी म्हस कुठं हाय? कंडक्टर सांगत हुता, सगळ्या हायवेला सांगत फिरतोस म्हणं, आक्काची म्हस, आक्काची म्हस."

ती गोठ्यात गेली, म्हशीच्या पाठीवरून, कासेवरून हात फिरवला आणि तिथंच धार काढायला बसली. त्या दिवशी आत्याचं दूध त्याच गाडीतून उमरग्याला गेलं. गाडी अर्धी पांढरी, अर्धी काळी होती, तरी लोकांनी वाट दिली. चार दिवसांनी म्हैस, रेडकू आणि आत्या सोनारीला गेल्या. गाठोड्यात तिनं मयतावर घालायला नवं कोरं धोतर आणलं होतं. ते आबांनी फाटेपर्यंत नेसलं.

गाडी पुढं सहा वर्षं चालली. मग उमरग्याच्या भंगारवाल्याकडे गेली. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आबा खरंच गेले, घरी, खाटेवर, सकाळचा चहा पिऊन. आत्या आली. खूप थकली होती, काठी टेकत आली. भावाच्या उशाशी बसली, त्यांच्या मिशा सारख्या केल्या आणि गप्प राहिली. बायका तिच्याकडे बघत होत्या. एकीनं कोपरानं ढोसून म्हटलं, "आक्का, रडा की. पाठचा भाऊ हाय."

"म्या ह्याच्यासाठी रडून घेतलंय," आत्या म्हणाली. "ह्यो ऐकत हुता तवाच."

मग तिनं मला जवळ बोलावलं आणि विचारलं, सकाळपासून म्हशींना पाणी पाजलं का कुणी. नव्हतं पाजलं. ती काठी टेकत उठली आणि आम्ही दोघी गोठ्यात गेलो.